बिरसी ते चिपी : नकाशावरची रेघ

माझी नोकरी गोंदियात आणि घर मालवणात, त्यामुळे बिरसी आणि चिपी या दोन लहान विमानतळांमधले अंतर हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. परवा रात्री मुलीच्या पृथ्वीगोलावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये शिवणाचा दोरा ताणून धरला, आणि मग अक्षांश-रेखांशांवरून रीतसर हिशेब केला, तेव्हा सरळ अंतर सुमारे ९४० किलोमीटर भरले. रस्त्याने ते बरेच वाढते, कारण वाटेत विदर्भ, मराठवाडा आणि शेवटी सह्याद्रीचा घाट आहे.

अशा मार्गाला साजेसे विमान म्हणजे पंख्यांचे एटीआर ७२, ज्याचा वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर असतो. नुसता भागाकार केला तर एक तास त्रेपन्न मिनिटे येतात. परंतु उंची गाठताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो, म्हणून वेळापत्रकात सव्वादोन तास धरणेच योग्य. वाऱ्याचा परिणामही मोठा असतो : समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असला तर बारा मिनिटे वाढतात, पाठीमागून असला तर दहा मिनिटे वाचतात.

थेट विमान नसल्याने मला मोठ्या शहरातून वळसा घ्यावा लागतो, आणि त्या सव्वादोन तासांसाठी अख्खा दिवस जातो. चिपी २०२१ साली सुरू झाले, त्या दिवशी आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, ‘‘आता गोंदियाहून थेट येशील ना रे?’’