तुम्ही विचारलंत म्हणून: आयसीयूतली सिस्टर एनक्लेक्सला का अडकते?

एनक्लेक्स म्हणजे अमेरिकेत नर्स म्हणून काम करायला लागणारी परवान्याची परीक्षा, आणि मी तिची तयारी करून घेते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या स्टँडवर, कुणी ना कुणी विचारतंच. "मॅडम, आमच्या ताईनं दहा वर्षं आयसीयू केलं, ती नापास. तिच्याच वॉर्डातली परवा बीएस्सी झालेली पोरगी पास. असं कसं ओ?" या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो कुणी बोलून दाखवत नाही: म्हणजे ताईला काम येतच नव्हतं का?

येत होतं. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. अंधारात शीर शोधून पहिल्या टोच्यात कॅन्युला लावणारी, रात्री तीसेक पेशंट एकटीनं सांभाळणारी बाई कमी पडली, असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

परीक्षा वेगळं विचारते, एवढंच. कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून त्यात तीन मोठ्या केसेस आल्या, एकेका केसवर सहा प्रश्न. आधी चार्टातलं काय खटकतं ते ओळखायचं, मग त्याचा अर्थ लावायचा, त्यात जास्त धोक्याचं काय ते ठरवायचं, उपाय सुचवायचे, करायचे, आणि शेवटी पेशंटला गुण आला का ते बघायचं. यातलं एकही काम सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५.० एवढं पाठ करून होत नाही. आकडे लागतातच. पण तो आकडा कुणाच्या अंगात आहे, हे त्याहून जास्त लागतं.

साधं उदाहरण. चार पेशंट, आधी कुणाकडे जाल? सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे आजोबा, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९०. डायबेटिसच्या बाई, शुगर २४०. न्यूमोनिया, ताप १०१. आणि काल थायरॉईड काढलेली बाई, म्हणते ओठांभोवती मुंग्या येतायत. आपल्या सिस्टरचा हात ९० या आकड्याकडे जातो. पण सीओपीडीत ८८ ते ९२ हेच आपल्याला हवं असतं. मुंग्या येणाऱ्या बाईच्या थायरॉईडला चिकटलेल्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉईड ग्रंथींना ऑपरेशनात धक्का लागला असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरतंय आणि पुढची पायरी स्वरयंत्र आवळण्याची आहे. आजारात अपेक्षित असलेलं वाईट आणि अनपेक्षित वाईट, यातला हा फरक आहे. मुंग्या मॉनिटरवर दिसत नाहीत, म्हणून त्या मागे राहतात.

आता ज्या केसवर अख्खी बॅच अडकली, ती सविस्तर सांगते. त्या बॅचमध्ये लेबर रूम केलेल्या सिस्टर जास्त होत्या, म्हणून तर ते जास्त लागलं.

३४ आठवड्यांची गरोदर बाई, बीपी १६८/११२, डोकं ठणकतंय, लघवीत प्रोटीन. झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ४ ग्रॅम वीस मिनिटांत दिलं, मग तासाला २ ग्रॅमची ड्रिप. पहिल्या तासाला गुडघ्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पाय उडतो तो; २ म्हणजे नॉर्मल) ३, मिनिटाला श्वास १८, तासाची लघवी ४५ एमएल. तिसऱ्या तासाला रिफ्लेक्स २, श्वास १६, लघवी २८. पाचव्या तासाला रिफ्लेक्स नाही, श्वास १०, लघवी १८, बाई गुंगीत, बीपी १५०/९८. मधेच तिनं सांगितलेलं, अंगातून गरम वाफा निघतायत.

पहिला प्रश्न, यातलं काय काय खटकतं ते निवडा. जवळजवळ सगळ्यांनी बीपीवर खूण केली आणि गरम वाफांवरही. गरम वाटणं हा मॅगसल्फचा नेहमीचा परिणाम, रक्तवाहिन्या सैलावतात म्हणून. १५०/९८ म्हणजे बीपी १६०/११० च्या खाली आलंय, ते लक्षात ठेवायचं, पण आत्ताचा धोका तो नाही. अशा 'लागू असतील ते सगळे निवडा' प्रश्नात चुकीच्या खुणेला मिळवलेला गुण कापला जातो. 'असू दे, तेही टिक करूया' ही सवय तिथंच महागात पडते.

दुसरी गोष्ट बारीक आहे. तिसऱ्या तासाचा चार्ट कुणी थांबून वाचलाच नाही. रिफ्लेक्स ३ वरून २ वर आला, हे एकटं बघितलं तर चांगलंच. पण शेजारी लघवी २८ आहे. मॅग्नेशियम शरीराबाहेर जातं ते किडनीतून. लघवी ३० च्या खाली गेली की तासाला तेच २ ग्रॅम आत येतायत आणि बाहेर कमी जातंय. साठत गेलं की आधी रिफ्लेक्स जातो, मग श्वास, मग हृदय. म्हणजे युरोबॅग, लघवीची पिशवी, दोन तास आधीच सांगत होती.

आणि मग तो प्रश्न: सगळ्यात आधी काय कराल? डॉक्टरांना फोन, ऑक्सिजन, कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियमची लेव्हल, की ड्रिप बंद? एक सोडून सगळ्यांचं उत्तर, डॉक्टरांना फोन.

उत्तर ड्रिप बंद करणं हे आहे. तासाला २ ग्रॅम म्हणजे मिनिटाला ३३ मिलिग्रॅम. ऑपरेटर, ड्यूटी डॉक्टर, सर, असा फोन फिरेपर्यंत सहा मिनिटं गेली तर आणखी २०० मिलिग्रॅम त्या बाईच्या अंगात गेलं. कॅल्शियम ग्लुकोनेट हाच उतारा, १० टक्क्यांचं १० एमएल म्हणजे १ ग्रॅम, शिरेतून सावकाश. पण त्याला ऑर्डर लागते. विष जाणारी नळी बंद करायला लागत नाही.

हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक सिस्टर, चौदा वर्षं लेबर रूम केलेली, शांतपणे म्हणाली, "मॅडम, एकदा सरांना न विचारता ड्रिपला हात लावला होता. सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. त्यानंतर कधी लावला नाही." हे अज्ञान नाही. हे शिकवलेलं आहे, आणि नीट शिकवलेलं आहे.

पूर्वी मी सरळ सांगायचे: इथलं विसरा, तिथलं शिका. आज ते वाक्य मला चुकीचं वाटतं. कारण हीच सिस्टर प्रिचार्ड पद्धतीनं, म्हणजे ड्रिपऐवजी इंजेक्शनांनी, मॅगसल्फ देते. ५० टक्क्यांची चार अँप्युल म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल पाणी घालून शिरेतून सावकाश ४ ग्रॅम, मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, आणि दर चार तासांनी ५ ग्रॅम. प्रत्येक डोसच्या आधी ती तीन गोष्टी बघते: गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे, श्वास १६ च्या खाली नाही, लघवी तासाला ३० एमएल आहे. नसेल तर डोस देत नाही, आणि त्यासाठी कुणाला विचारतही नाही! म्हणजे निर्णय ती घेतेच. इंजेक्शन हातात असताना घेते, ड्रिप चालू असताना घेत नाही. परीक्षेच्या पुस्तकात श्वासाची हद्द १२ आहे, आपल्याकडे १६. कुठला आकडा कुठल्या कामाचा एवढं वेगळं ठेवलं की पुरे. यात विसरायचं काय होतं?

तरी पूर्वीची मी अगदीच चुकत नव्हते. काही गोष्टी खरोखर बाजूलाच ठेवाव्या लागतात. आपली इन्सुलिनची नेहमीची व्हायल एमएलला ४० युनिटची, लाल टोपीची सिरिंज. परीक्षेतली १०० युनिटची, नारिंगी टोपी. ८ युनिट म्हणजे इथं ०.२ एमएल, तिथं ०.०८. शंभराचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं.

वॉर्डातल्या मावशींना कुठलं काम सांगायचं, हेही तसंच. अंग पुसणं, स्थिर पेशंटचं बीपी घेणं, लघवी मोजून लिहिणं चालेल. स्ट्रोकच्या पेशंटला पहिला घास भरवणं नाही, कारण गिळता येतंय का हे तपासणं सिस्टरचं काम. आपल्याकडे तो घास सून भरवते आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही.

आणि "काही होत नाही, घाबरू नका." हे वाक्य तर आपल्या तोंडातच आहे. परीक्षेत ते बहुतेक वेळा चूक, कारण पेशंट बोलायला लागलेला असतो आणि आपण त्याला गप्प करतो. "कशाची भीती जास्त वाटते?" हे बरोबर. मला हे पटतं. तरीही रात्री तीनला थरथरणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा हात धरून "काय होत नाही, मी हाय" म्हणणाऱ्या सिस्टरला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्या दिवशी वर्ग सुटताना एकीनं विचारलं, "मग आज नाईटला असंच झालं तर?" तिला सांगितलं ते असं. ड्रिपचा रोलर बंद कर. कॅन्युला काढू नको, कॅल्शियम त्यातूनच जाणार आहे. नळीत उरलेलं मॅगसल्फ आत ढकलू नको, नवा सेट लाव. ऑक्सिजन लाव. कॅल्शियमचं अँप्युल ट्रेमध्ये काढून ठेव, मग फोन. फोनवर 'पेशंट बरी नाही' म्हणू नको. श्वास १०, रिफ्लेक्स नाही, लघवी १८, ड्रिप दोन वाजून दहा मिनिटांनी थांबवली, कॅल्शियम देऊ का, एवढंच. आणि तीच वेळ नोट्समध्ये लिही.

"आणि सर ओरडले तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिनं ते फोनवरचं वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं, पान फाडून ॲप्रनच्या खिशात ठेवलं, आणि आठच्या ड्यूटीला गेली.