आमची वाटचाल: बटणाकडून सेलकडं

आमचं एक्सेलचं काम सुरू झालं ते दिवाणजींचे आयएफ (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ सांगणारं एक्सेलचं फंक्शन) संपले म्हणून. 2009 ची गोष्ट, इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यातले दिवाणजी एक्सेल 2003 वर कामगारांची मजुरी काढायचे. कापडाची क्वालिटी बघून दर लावायचा म्हणून त्यांनी आयएफच्या पोटात आयएफ घालत नेले होते, आणि त्या व्हर्जनला अशी सात लेव्हलपर्यंतच मुभा होती. नवी क्वालिटी मागावर चढली आणि फॉर्म्युला काही एंटर होईना. आम्ही तेव्हा झेरॉक्स आणि डीटीपी करायचो, मी आणि माझा मावसभाऊ, पण मला थोडं व्हीबीए, म्हणजे एक्सेलमधे कोड लिहायची भाषा, येतं हे दिवाणजींना कुणीतरी सांगितलेलं.

खरं सांगायचं तर दरांचं एक टेबल करून त्यातनं दर शोधून आणणारा व्हीलूकअप लावला असता तर दहा मिनिटात काम झालं असतं. पण मला मॅक्रोची, म्हणजे एका बटणात सगळं उरकणाऱ्या कोडची खाज. मी मोठ्ठं हिरवं बटण केलं, दाबलं की हजेरी, मीटर, पीक (इंचातले आडवे धागे), दर, उचल वजा, सगळं होऊन पगाराच्या चिठ्ठ्या प्रिंटरवर. दिवाणजी खूश, मालक खूश, शेजारच्या कारखान्यातनं फोन. दोन वर्षात असे चौदा कारखाने झाले आणि झेरॉक्स मशीन आम्ही विकून टाकलं.

बटणाचं दुखणं नंतर कळलं. दिवाणजींनी मधे एक कॉलम घातला की फॉर्म्युले आपोआप सरकतात पण मॅक्रोत लिहिलेला ‘डी कॉलम’ डीच राहतो, मग उचलीच्या जागी मीटर वजा. बरं, मॅक्रो चालला की अंडूची यादी साफ, मागं फिरायची सोय नाही. शनिवारी दुपारी फोन आला की मी गाडीला किक मारायचो, जेवण तसंच.

सगळ्यात मोठी शोभा झाली ती रुपयावरनं. एक कामगार दोन आठवड्यांच्या चिठ्ठ्या घेऊन उभा. म्हणाला, "साहेब, 1413 रुपये 50 पैशाचे 1414 दिले, मग ह्या टायमाला 1412 रुपये 50 पैशाचे 1412 कसे वो? पन्नास पैसे तेच की." मला वाटलं टायपिंगची चूक असेल. रात्री बसून बघितलं तर व्हीबीएचा राऊंड आणि शीटमधला राऊंड वेगळे! शीटमधला अर्ध्याला वर ढकलतो, व्हीबीएचा जवळच्या सम आकड्याकडं नेतो, म्हणजे 1412.50 चे 1412 आणि 1413.50 चे 1414. बँकिंगची पद्धत म्हणे. असेल, पण चिठ्ठी हातात घेणाऱ्याला ते कसं सांगणार? चौदाही कारखान्यांच्या जुन्या शीट काढल्या, ज्यांचा रुपया गेला होता त्यांचा हिशेब करून मालकांना दिला आणि ती रक्कम आमच्या बिलातनं वजा केली. रक्कम फार नव्हती पण लाज वाटली. दिवाणजींच्या स्वतःच्या आयएफमधे ही चूक कधीच झाली नसती, आणि माझं बटण आतनं काय करतंय हे त्यांना बघताच येत नव्हतं.

तिथनं बटणं बंद केली. कोड लिहायचाच तर फंक्शन म्हणून लिहायचा, जे दिवाणजी बेरजेच्या ‘सम’ फंक्शनसारखं सेलमधे स्वतः टाईप करतील. इंग्रजी अक्षरांत मजुरी, कंसात मीटर, पीक, दर. उत्तर चुकलं तर कुठल्या सेलमधे चुकलं ते दिसतं, आणि कॉलम घातला तरी फॉर्म्युला आपला आपण सरकतो.

मग 2022 साल. मायक्रोसॉफ्टने नेटवरनं आलेल्या फाईलमधले मॅक्रो आपोआप ब्लॉक करायला सुरुवात केली, आमची फंक्शनंही व्हीबीएचीच म्हणून त्यात अडकली, आणि आमच्या फाईली सगळ्या मेलनं जायच्या! महिनाभर मी फोनवर एकच वाक्य बोलत होतो, फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक. तरी निर्णय बरोबरच होता, व्हायरस मॅक्रोतनंच यायचे.

त्याच भानगडीत लॅम्ब्डाकडं वळलो. 2020 च्या डिसेंबरात जाहीर झालेलं हे फंक्शन, ह्यात फॉर्म्युल्यालाच नाव देऊन नेम मॅनेजरमधे ठेवता येतं, म्हणजे मॅक्रो नाही, वॉर्निंग नाही, आपलं मजुरी फंक्शन आहे तसंच. अडचण एकच, एक्सेल 2021 विकत घेतलेल्यांकडं ते चालत नाही, वर्गणीवालं 365 किंवा 2024 लागतं. जुन्यावाल्यांना आम्ही गुगल शीट्सवर नेलं, तिथं 2022 पासनं नेम्ड फंक्शन ही तशीच सोय आहे. तिथली कोडची भाषा अ‍ॅप्स स्क्रिप्टही आहे पण त्यातलं कस्टम फंक्शन तीस सेकंदात आटपलं नाही तर एरर देतं. एक्सेलमधे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषाही आलीय, 2023 ला जाहीर झाली, पण ती चालते मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, आणि आमच्याकडं लाईट गेली की नेट जातं. ऑफिसात आम्ही वापरतो, पगाराच्या दिवशी गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारत नाही.

ते पहिले दिवाणजी आता घरी असतात, खुर्चीवर त्यांची सून बसते. मागच्या दिवाळीआधी तिचा फोन, "दादा, सुट्टीच्या पाळीचा दर मी मजुरीतच घातलाय, कंसात चौथी जागा केली, जरा बघून घ्या." बघितलं. बरोबर होतं, राऊंडसकट. बिल काही लावता आलं नाही.