चिपाडातली साखर

आज दिवसभर लॅबमध्ये उसाच्या चिपाडांशी झटापट. रसवंतीवरून आणलेली चिपाडं बारीक करून अल्कलीत शिजवायची, मग लिग्निनचं (चिपाडाला कडक करणाऱ्या द्रव्याचं) काळपट पाणी जाईपर्यंत धूत बसायचं. हात दुखून आले.

शेजारच्या फ्लास्कमध्ये मात्र ट्रायकोडर्मा रीसी नावाची बुरशी मस्त माजलीय. आधी कापसासारखी पांढरी, आता हिरवीगार. ही बुरशी मूळची सॉलोमन बेटांवरची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या सुती तंबूंचं वाटोळं करत होती, म्हणून पकडली गेली! आता तिलाच सेल्युलेज (सेल्युलोज तोडून साखर करणारं एन्झाइम) बनवायला जुंपलंय.

तिचा अर्क गाळून धुतलेल्या चिपाडावर घातला, ५० अंशांवर ठेवला आणि संध्याकाळी डीएनएस (साखर असली तर रंग बदलणारं रसायन) घालून उकळला. पिवळी नळी बघता बघता विटकरी लाल. साखर सुटली! (एन्झाइम न घातलेली नळी पिवळीच राहिली, म्हणजे ही रसातली उरलेली साखर नव्हे.)

पुढचं काम, म्हणजे या साखरेचं यीस्टकडून इथेनॉल करून घेणं, किचकट आहे. ग्लुकोज नेहमीचं यीस्ट आवडीनं खातं, झायलोजला (चिपाडातल्या दुसऱ्या साखरेला) तोंडही लावत नाही. त्यात एन्झाइमचा खर्च. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरचा प्रकल्प आहे, २०२२ मध्ये लोकार्पण झालेला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा, ३ कोटी लिटर इथेनॉल अशी क्षमता. तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. पण मला विचाराल तर बुरशीपेक्षा पेंढा गोळा करून वर्षभर कोरडा ठेवणं हीच मोठी डोकेदुखी.

उद्या यीस्ट टाकणार. कुणाच्या शेतात पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या पडून असतील तर कळवा, पुढचा नंबर त्यांचा.