सत्ताविसावा दिवस

३१ डिसेंबरला सकाळी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेले. शिलाई मशीनच्या बॅचमधली आमची एक मुलगी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतलं काम सोडून शनिवारी घरी आली होती. मला ते मंगळवारी कळलं आणि शुक्रवारी किती मुली कामावर टिकल्या याची पडताळणी होती.

आमचं प्रशिक्षण केंद्र निवासी आहे. खर्च एका कंपनीच्या सीएसआर निधीतून येतो. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ ज्यांना लागू होतं, त्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. ते पैसे आमच्याकडे हप्त्यांनी येतात. करारात अट अशी होती की ४० जणींपैकी २८ जणी महिनाभर कामावर टिकल्या पाहिजेत, तरच पुढचा हप्ता. त्या हप्त्यावर पुढच्या बॅचचं जेवण अवलंबून होतं. आमच्या नेमक्या २८ टिकल्या होत्या, आणि ही अठ्ठाविसावी सत्ताविसाव्या दिवशी परत आली होती.

खरं सांगते, निघताना माझ्या मनात एकच होतं, तिला समजावून गुरुवारच्या गाडीनं परत पाठवायचं. तिच्या शिलाई युनिटच्या सुपरवायझरनं फोनवर सांगितलंच होतं, "मॅडम, रजिस्टरवर अजून नाव आहे, महिना भरल्याचं पत्र देऊन टाकतो." माझा सहकारी म्हणाला, "घेऊन टाका, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

पोडावर म्हातारी माणसं आणि लेकरंच होती, बाकी सगळे वेचणीला. मी वावरात गेले. ती कमरेला ओटी बांधून आईबरोबर कापूस वेचत होती. मला पाहून थांबली, पण जवळ आली नाही. आईच बोलली, "बाई, तिले रागावू नका जी. मीच म्हटलं, ये घरी."

आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलो. तिनं बाजूला ठेवलेल्या पिशवीतून एक वही काढली. प्रशिक्षणात हिशेब लिहायची सवय आम्हीच लावली होती. मला वाटलं, ब्लाऊजची मापं असतील. पण त्यात डिसेंबरचा सगळा जमाखर्च होता.

सोबत नेलेले ५,५०० रुपये. त्यातले ३,००० आईनं बचत गटातून उचललेले. खोलीची अनामत तिच्या वाट्याला २,०००, भाडं १,२००. डबा आठवड्याला ४५०, चार आठवड्यांचे १,८००. खोलीपासून युनिटपर्यंत ऑटोचे रोज २०, चोवीस दिवसांचे ४८०. एकूण खर्च ५,४८०, खाली रेघ मारून शिल्लक २०. पगार महिन्याचा, आणि तो होतो पुढच्या महिन्याच्या १० तारखेला.

"ताई, मी काम सोडून नाही आली," ती म्हणाली. "मले मशीन आवडते. पैसे संपले म्हणून आली. एक तारखेला पुन्हा भाडं मागितलं असतं. यायच्या भाड्याचे दोनशेही मैत्रिणीनं देल्ले."

"मला फोन का नाही केलास?"

"तुमाले काय सांगू? तुमी तर नोकरी लावून देल्ली होती."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी लावून दिली म्हणजे आमचं काम संपलं, असं आम्हीच तीन महिने मुलींच्या मनावर ठसवलं होतं.

तिथेच मी आकडे मांडले. १० जानेवारीपर्यंत तिला दोन आठवड्यांचा डबा ९००, ऑटोचे २४० आणि भाडं १,२०० लागलं असतं. एकूण २,३४०. एवढ्यासाठी तिचं शिकणं, तीन महिन्यांचं जेवण-राहणं, आमच्या शिक्षिकेची मेहनत, सगळं वावराच्या धुऱ्यावर येऊन बसलं होतं. आमच्या अंदाजपत्रकात मशीन, धागा, कापड, वसतिगृह, मूल्यमापन, प्रमाणपत्र, अगदी समारोपाच्या बॅनरलाही पैसे होते. मुलगी केंद्राच्या फाटकाबाहेर पडली की तिच्या नावाचा एक रुपयाही नव्हता.

हे कुणाला सुचलेलंच नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या २०१४ला सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत नोकरी लागल्यानंतर महिन्याला १,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद होती. जिल्ह्यातच काम लागलं तर दोन महिने, राज्यात तीन, राज्याबाहेर सहा. मी तो तक्ता वाचला होता. तरी प्रस्ताव लिहिताना आम्ही ती ओळ घेतली नाही, कारण प्रत्येकीमागचा खर्च कमी दिसायला हवा होता. ती चूक माझी.

आणखी एक गोष्ट मला वावरात बसल्यावर दिसली. मंजुरी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला, पैसे पावसाळ्यात, प्रशिक्षण नोव्हेंबरपर्यंत, आणि नोकरी ऐन वेचणीत. घरात माणूस लागतो तेव्हाच आम्ही माणूस बाहेर काढतो. वेचणीचे किलोला दहा रुपये संध्याकाळी हातात पडतात. रोजचा पैसा सोडून चाळीस दिवसांनी येणाऱ्या पैशासाठी जा म्हणायचं, तर मधले चाळीस दिवस कुणीतरी सांभाळायला हवेत.

परतताना पांढरकवड्याच्या चौकात थांबून सुपरवायझरला फोन केला. पत्र नको म्हटलं, तिचे सत्तावीस दिवसांचे पैसे तेवढे खात्यात टाका. सहकारी नाराज झाला, आणि त्याचं चूक नव्हतं. पुढच्या बॅचच्या किराण्याचं त्यालाच बघायचं होतं. पण मी २८ लिहिलं असतं, तर ते ५,४८० रुपये कधीच कुणाला दिसले नसते. पुढच्या वर्षीही ४० मुली तशाच मोकळ्या हातानं बुटीबोरीला उतरल्या असत्या.

शुक्रवारी मी २७ हा आकडा दिला आणि वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. पडताळणीला आलेल्या गृहस्थांनी ती दोनदा वाचली. "हप्ता मला थांबवावा लागेल," म्हणाले, "पण हे पान मी वर पाठवतो." हप्ता थांबला. महिनाभर आम्ही उधारीवर किराणा भरला.

नव्या प्रस्तावात आता प्रत्येकीसाठी पहिल्या ४५ दिवसांचे ६,००० रुपये आहेत, रुजू होण्याच्या आदल्या दिवशी खात्यात टाकायचे. नोकऱ्या फेब्रुवारीनंतर, शेवटचा वेचा झाल्यावर. कंपनीनं तारीख मान्य केली, पैशांवर बोलणं चालू आहे. ६,००० ऐवजी ३,००० चालतील का, असं विचारलंय. मी वहीचं पान पुन्हा पाठवलंय.

तिचा पगार दहा तारखेला आला. गटाचे पैसे तिनं फेडले. वेचणी संपली की दोघी मैत्रिणींना घेऊन परत जाणार आहे. युनिटनं जागा ठेवलीय, आणि या वेळी पहिल्या पगारापर्यंतचे पैसे मी केंद्रातल्या आम्हा चौघांकडून गोळा केलेत. वही मात्र तिनं लगेच परत मागितली, फेडलेले हप्ते तिला त्यातच लिहायचे होते.