थोरल्या लेकीचे आठ पौंड: वाटणी अखेर जुळली

अमेरिकेतली तेव्हाची ब्रिटिश वसाहत मॅसॅच्युसेट्स, तिथल्या एसेक्स काउंटीत मृत्युपत्र न करता वारलेल्या शेतकऱ्याच्या मालमत्तेचा हिशेब काल रात्री जुळला! तीन आठवडे छळलं या वाटणीने.

त्याच्या मालमत्तेची १७४९ची यादी आणि वारसांमधलं १७५१चं वाटणीपत्र यांचा मेळ बसत नव्हता. निम्मा गुंता चलनाचा निघाला. यादी 'ओल्ड टेनर'मध्ये, म्हणजे भाव घसरलेल्या जुन्या कागदी नोटांत; वाटणी 'लॉफुल मनी'मध्ये, म्हणजे चांदीवर आधारलेल्या अधिकृत चलनात. मॅसॅच्युसेट्सने १७५०मध्ये जुन्या नोटा साडेसातास एक या भावाने मोडीत काढल्या. भागून पाहिलं, तर जंगम मालमत्तेच्या १५७५ पौंडांचे २१० झाले. विधवेचा तिसरा हिस्सा ७०, वाटणीपत्रात आहे तस्सा! काय आनंद झाला म्हणून सांगू.

उरले १४०. मुलगे चार, मुली दोन. १६९२च्या कायद्याने थोरल्याला दुप्पट, म्हणजे वाटे सात, वीस-वीस पौंडांचे. कागदावर मात्र थोरल्याला ४४, बाकीच्यांना बावीस-बावीस आणि थोरल्या लेकीला फक्त आठ. बेरीज १४०च, म्हणजे लेखनिक चुकलेला नाही.

उत्तर सुट्या कागदांत होतं. नोंदवहीतल्या नकलेवर कधीच थांबू नका! एका चिठोऱ्यावर थोरल्या लेकीच्या नवऱ्याची पावती: लग्नात मिळालेला बिछाना, गाय, प्यूटरची (कथलाच्या मिश्रधातूची) ताटं, एकूण चौदा पौंड. आंदणच ते, म्हणजे वाट्यातली आगाऊ उचल! आधी ते चौदा मिळवायचे, १५४चे सात वाटे करायचे, मग तिच्या बाविसातून चौदा वजा. सही जावयाची, लेकीचं नाव मजकुरात एकदाच. मी ते वहीत ठळक लिहून ठेवलं.

(आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर मी सोडलं. जुना लांबडा 'एस' ते सगळीकडे 'एफ' वाचतं. भिंग आणि चौकटीची वही बरी.)

आता जमीन. तुकडे केले तर शेताचं नुकसान, म्हणून ती सगळी थोरल्याला, आणि भावंडांना पैसे त्याने द्यायचे. विधवेला हयातभर तिसरा हिस्सा: पूर्वेची खोली, अर्धं तळघर, विहिरीकडची वाट. त्याचा नकाशा काढणार होते. पण लिहिता लिहिता विंथ्रॉप खटला आठवला. शेजारच्या कनेक्टिकट वसाहतीत बहीण ॲनने वडिलांच्या जमिनीत वाटा मागितला, तेव्हा भाऊ जॉन थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या मंडळाकडे गेला आणि १७२८मध्ये कनेक्टिकटचा मुलींनाही वाटा देणारा वारसा कायदाच रद्द झाला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा मात्र १७३८च्या फिलिप्स-सॅव्हेज खटल्यात टिकला. नाहीतर आपल्या शेतकऱ्याच्या दोन्ही मुलींना जमिनीपोटी छदामही मिळाला नसता. म्हणून नकाशा मागे ठेवते. आधी थोरल्याने बहिणींना खरोखर पैसे दिले का, त्या पावत्या शोधते.