वीस विधानांची आठ करताना

पाच प्रश्नावल्यांचा संच हातात दिला की कॉलेजची मुलं शेवटच्या पानावर काय करतात, हे डेटा गोळा केलेल्या कुणालाही विचारा. एकाच रांगेत सरळ खाली टिका! म्हणून पीएचडीच्या पुढच्या टप्प्याआधी सीईएस-डी छोटी करायची ठरवली. रॅडलॉफ यांची १९७७ची ही नैराश्याची मापनी. वीस विधानं, कमाल गुण ६०, आणि १६ किंवा जास्त आले तर पुढे तपासा.

आयटम-टोटल कोरिलेशन, म्हणजे प्रत्येक विधानाचा एकूण गुणांशी संबंध, बघत आणि अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, सांभाळत विधानं गाळणं तासाभराचं काम. पण एकच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली तरी अल्फा वाढतो. शिवाय बरा असलेला आणि पार खचलेला, दोघांसाठी तो एकच आकडा.

म्हणून समेजिमा यांचं १९६९चं ग्रेडेड रिस्पॉन्स मॉडेल हे संख्याशास्त्रीय मॉडेल घेतलं. त्यात प्रत्येक विधान नैराश्याच्या कुठल्या पातळीवर किती माहिती देतं, ते एका वक्रावर दिसतं. एखाद्या पातळीवर सगळ्या विधानांच्या माहितीची बेरीज १० झाली तर तिथली प्रमाणत्रुटी, म्हणजे मोजण्यातली चूक, साधारण ०.३२. मॉडेल आर या सॉफ्टवेअरमध्ये पटकन बसतं. वेळ जातो तो वक्र बघण्यात.

‘मी आनंदात होते’सारखी चार सकारात्मक विधानं डिस्क्रिमिनेशनमध्येच, म्हणजे कमी-जास्त नैराश्यातला फरक ओळखण्यातच, आपटली. ‘लोक फटकून वागले’ आणि ‘मी लोकांना आवडत नाही’ एकमेकांना चिकटलेली, जवळजवळ एकच गोष्ट विचारणारी निघाली, एक ठेवलं. खरा वाद रडण्याच्या विधानावरून. वक्र देखणा, पण नैराश्य सारखं असतानाही मुली त्याला जास्त गुण देत होत्या.

“अगं, रडणंच काढलंस तर परीक्षक सोडतील का तुला?” गाइड मॅडम.

“ठेवलं तर मुलग्यांचे गुण कमी येतील, मॅडम.”

काढलं.

उरलेल्यांतली सर्वाधिक माहितीची आठ घेतली, तर निम्मी उदासीचीच, आणि वक्राचं टोक तीव्र नैराश्याकडे. मला अचूकता हवी होती १६ गुणांच्या आसपास. तेव्हा उदासीचं एक विधान काढून झोपेचं घेतलं. माहिती कमी, पण सौम्य त्रासाच्या मुलांतही फरक करणारं.

छोट्या आणि मोठ्या मापनीचं कोरिलेशन झकास आलं, ते मी ठळक छापलं नाही. विधानंही तीच, उत्तरंही तीच. दुसरं काय येणार? आणि ६० पैकी १६चं प्रमाण लावून आठ विधानांच्या २४ पैकी ६.४ असा कटऑफही काढता येत नाही. त्यासाठी नवीन मुलांच्या मुलाखती सध्या चालू आहेत.