बी-२७५ : नाक उघडलं, रेडिएटर उतरला, एक बोल्ट गेला

माझ्या बी-२७५ ट्रॅक्टरला रोटावेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडून पाऊण तास झाला की रेडिएटरच्या टोपणातून वाफ, हे आता तीनदा झालंय. तरी दोन आठवडे मी रेडिएटरला हात लावला नाही. हात लावला की उतरवावाच लागणार, हे दिसत होतं.

पण गाडी तापते म्हणून लगेच रेडिएटर काढायचा नसतो. आधी थंड इंजिनवर टोपण काढून गाडी सुरू केली आणि वरच्या टाकीत टॉर्च मारून बघत बसलो. सारखे बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशय गेला असता. आले नाहीत. पंख्याचा पट्टा दाबून बघितला, ठीक होता. मग गाडी चांगली तापवून बंद केली आणि रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवर तळहात फिरवला. वरच्या टाकीवर हात ठेववत नव्हता, मधला भाग गरम होता, आणि उजवीकडचा खालचा कोपरा निव्वळ कोमट. म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणीच खाली येत नव्हतं. (हे गाडी बंद करूनच. पंखा फिरत असताना हात घालायची हौस असेल तर आधी बोटं मोजून ठेवा.)

नवल नाही म्हणा. ही गाडी मी वीटभट्टीवरून उचललीय, आणि तिथे ती इतकी वर्षं बोअरच्या पाण्यावर चालली. आमच्या शिरोळ भागात क्षारपड जमिनी एवढ्या, की पाण्याच्या घागरीला आतून पांढरा थर चढतो. रेडिएटर कसा सुटेल?

शनिवार. पाणी काढायला खालचा कॉक उघडला तर थेंब नाही. तार घातली, तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गाळ टपटप पडला आणि पुन्हा बंद. शेवटी खालचा होज पाईप सोडायचं ठरवलं. त्याला क्लिपऐवजी बाइंडिंगच्या तारेचे सात वेढे! रबर पितळेच्या नळीला असं चिकटलं होतं की पुतण्या पक्कड लावून पिळायला निघाला. थांबवला. ती नळी टाकीला नुसती डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते, पिळली की बुडासकट निघते. पाईप ब्लेडने लांबीत चिरला आणि साल काढावी तसा सोलला. नवा पाईप स्वस्त आहे.

वरचा पाईप काढला, तोंडाचं हाउसिंग उघडलं, तर आत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप) नाहीच. कुणीतरी कधीतरी ‘गाडी तापते’ म्हणून काढून फेकलेला. आपल्याकडे हा ठरलेला उपाय. त्याने तुंबलेल्या नळ्या मोकळ्या होत नाहीत, उलट थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही आणि डिझेल नीट जळत नाही. नवा आणलाय.

आता बोल्टांची कथा. बी-२७५ हे मूळचं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ब्रिटिश डिझाइन. महिंद्राने १९६३ साली त्यांच्याशी भागीदारीत कंपनी काढली आणि मग हे मॉडेल इथे बनू लागलं. त्यामुळे माझ्या गाडीवरचे मूळ बोल्ट इंची आहेत आणि मध्ये बदललेले मिलिमीटरचे. पाऊण इंची डोक्यावर १९ नंबरचा पाना बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पण ९/१६ म्हणजे १४.२९. त्यावर १४ चढत नाही आणि १५ लावला की डोकं गोल होतं. जाळीच्या दोन बोल्टांचे कोपरे असेच कुणीतरी खाऊन ठेवलेत. इंची रिंग पान्यांचा सेट नसेल तर हे काम सुरू करू नका, एवढंच सांगतो.

रेडिएटर खाली दोन बोल्टांनी पुढच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चौकटीवर बसतो. दोन्ही गंजून एकजीव झालेले. नेहमीची सवय म्हणजे गॅसचा पोत लावायचा, पण खालच्या टाकीची डाग दिलेली कड तिथून दोन बोटांवर. ते डागाचं कथील-शिसं २०० अंशाच्या आतच पाघळायला लागतं. म्हणून दोन रात्री डिझेल सोडत राहिलो, मधूनमधून डोक्यावर हातोडीने टकटक. सोमवारी सकाळी डावा कुरकुरला आणि सुटला. उजवा पाव फेरा फिरला, आणि मग पाना एकदम हलका झाला. ज्यांनी कधी बोल्ट तोडलाय त्यांना तो हलकेपणा माहीत आहे.

काढताना पंखा आणि जाळीच्या मध्ये प्लायवूडचा तुकडा सरकवला. शेजारचे जुने मिस्त्री बांधावरून ओरडत होते, “सरळ वर घ्या ओ, तिरकं करू नका, पंख्याची पात लागंल!” घेतला सरळ. दोघांना पुरेसा जड.

उजेडात धरला तर जाळीतून पलीकडचं काही दिसेना. पुढून जाळीच्या पात्यांमध्ये बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुगा आणि भट्टीची लाल माती, वर कुंभारीण माशीची मातीची चार घरं, त्यातल्या एकात वाळलेली अळी. जोराच्या पाण्याची पिचकारी मारू नका, मऊ पाती आडवी होतात. मी मागच्या बाजूने साध्या पाईपने धुतला, तरी दोन घमेली माती निघाली.

मंगळवारी जयसिंगपुरात रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरच्या टाकीचा डाग सोडवून ती उचलली. नळ्यांच्या तोंडावर खडूसारखा पांढरा थर, उजवीकडच्या तर पार बुजलेल्या. तो म्हणाला, ॲल्युमिनियमची नवी जाळी टाका, हलकी आणि स्वस्त. मी नाही म्हटलं. तांब्या-पितळेची जाळी गळली तर इथला कुणीही डाग देऊन देतो. सध्या नळ्यांत पट्टी घालून साफ करायचं, मग टाकी बसवून पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायची. बुडबुडे आले तर नव्या जाळीचा विचार, तीही तांब्याचीच.

दरम्यान इंजिन ब्लॉकच्या बाजूचा कॉक काढून वरून पाणी सोडलं. आधी तांबडं, मग दहा मिनिटांनी स्वच्छ.

तुटलेल्या बोल्टाला मधोमध पंच मारून ठेवलाय. पहिलं ड्रिल बिडाकडे घसरलं, तेव्हा थांबलो. लेथवाल्याकडून मध्याला भोक असलेलं बुश करून आणतो, म्हणजे ड्रिल हलणार नाही.